फुकट गेलेली रात्र आणि पाचातलं एक वर्ष



आजची नोंद बांधावरची नाही, शाळेच्या व्हरांड्यातली आहे. पावसाचा जोर वाढला, रेड अलर्ट आला, की आमची काकी आणि चुलतभावाचं कुटुंब डोंगराखालच्या वाडीतून खाली जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपायला येतं. तालुका पोलादपूर, घर उताराला. २०२१ नंतर घरात तसं ठरलंय. या वेळी सलग तीन रात्री झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. काकी गोधडीची घडी घालता घालता म्हणाली, "तीन रात्री म्हशी सोडून इथं येऊन पडलो. दगड तरी पडला का एक? फुकटचा हेलपाटा. पुढल्या वेळी मी नाय येणार."

मी तेव्हा काही बोललो नाही. पण तिच्या बोलण्यानं डोक्यात चाक फिरायला लागलं. कारण नदीकाठच्या खाचराबद्दल मी नेमकं उलटं बोलत असतो. लोक म्हणतात, "सावित्रीकाठी भात लावतोस, एक दिवस सगळं जाईल." मी म्हणतो, "जाईल तेव्हा जाईल, लावायचं." मग काकी घराबद्दल तेच म्हणाली तर मला का टोचलं? याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. लांबलंय, पण लावणी उरकलीय, निवांत वाचा.

म्हाताऱ्याचे तीन फटके

आपल्याकडे पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. पुष्य साधारण १९-२० जुलैला लागतं. आता तारखा बघा.

२५ आणि २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, ते जगाला माहीत आहे. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथं दरडी आल्या आणि माणसं झोपलेल्या घरांसकट गाडली गेली.

२ ऑगस्ट २०१६. पुष्य संपून आश्लेषा लागायचा सुमार. रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. तोवर आपण सगळेच म्हणायचो, "एवढी वर्षं उभा आहे, त्याला काय होतंय?"

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तिकडचं पाणी सावित्रीला, इकडून गांधारी आणि काळ नदीला पूर, खालून खाडीची भरती. महाड शहरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. त्याच संध्याकाळी तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच दिवशी दरड आली.

तिन्ही वेळा म्हातारा. म्हणून काही जण म्हणतात की आपलं नशीबच फुटकं. तर काही म्हणतात, "२००५ ला झालं, २०२१ ला झालं, आता पंधरा-सोळा वर्षं बिनघोर." या दोन्ही बोलण्यांत एकच चूक आहे. पहिल्याला वाटतं पाऊस आपल्यावर डूख धरून आहे, दुसऱ्याला वाटतं पाऊस हिशेब चुकता करून गेला. पावसाला यातलं काही आठवत नाही. मागच्या वर्षी पूर आला म्हणून या वर्षी तो टळत नाही, आणि दहा वर्षं आला नाही म्हणून उद्या यायलाच हवा असंही नाही.

सरकारी कागदात "शंभर वर्षांतला पूर" असा शब्द येतो, त्यानंही घोळ होतो. त्याचा अर्थ शंभर वर्षांनी एकदा असा नाही. दर वर्षी तेवढ्या पुराची शक्यता शंभरात एक, एवढाच अर्थ. ऐकायला एक टक्का किरकोळ. पण तुम्ही नदीकाठी ३० वर्षं शेती करणार असाल तर त्या ३० वर्षांत तो पूर एकदा तरी बघायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. घर बांधताना आणि मोटर बसवताना हा चारातला एक धरायचा असतो.

आज्यांचं गणित

आपल्या जुन्या माणसांना टक्के येत नव्हते, पण शक्यता कळत होती. आमची आजी नक्षत्राचं वाहन बघायची. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस जोराचा, कोल्हा-गाढव असलं की हुलकावणी. ते किती खरं ठरायचं, कोणी मोजलं नाही. पण तीच आजी सगळं बियाणं एका वाहनाच्या भरवशावर कधी टाकत नव्हती, हे महत्त्वाचं.

तिचं शेत आठवा. वरच्या बाजूला हळवं भात, मधे निमगरवं, खालच्या पाणथळ मळ्यात गरवं. वरकसावर नाचणी आणि वरी. भात निघालं की ओलीवर कडवा वाल. पाऊस लवकर गेला तर हळवं घरात आलेलं असे. उशिरापर्यंत राहिला तर गरवं साधे. भात बुडालं तर वरकस जमीन बुडत नाही. राबात रोपं गरजेपेक्षा जास्तच टाकायची, म्हणजे लावलेलं वाहून गेलं तर पुन्हा लावायला हाताशी असत. भावांच्या वाटण्या झाल्या तरी प्रत्येकाला थोडं वरचं, थोडं खालचं मिळे. आज आपण त्याला तुकडे पडले म्हणून नावं ठेवतो, आणि ट्रॅक्टरला ते अडचणीचे आहेतच. पण एका पुरात एकाच भावाचं सगळं जाऊ नये, ही सोयही त्याच तुकड्यांत होती.

आजी आशावादी होती का? होती. पण तिची आशा "काही होणार नाही" अशी नव्हती. "काहीतरी होईलच, पण सगळ्याचं एकदम होणार नाही" अशी होती. आणि तसं होईल अशी तजवीज ती मृगाच्या आधीच करून ठेवायची.

मोजणारी माणसं

आता ज्यांनी हेच आकड्यांत बसवलं त्यांच्याकडे येतो.

हवामान खातं १८७५ सालचं. त्यानंतर लगेच १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, दख्खन होरपळलं. सरकारनं विचारलं, पाऊस आधी सांगता येईल का? खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. हिवाळ्यात बर्फ जास्त तर पुढचा पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा. ४ जून १८८६ ला पहिला अधिकृत मोसमी अंदाज निघाला. पुढं १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती प्रमुख झाले. बर्फ एकटा पुरत नाही हे बघून त्यांनी जगभरच्या हवामानाच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. त्यांचे अंदाज पुष्कळदा चुकले. पण त्या चुकत्या हिशेबातूनच प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. आज टीव्हीवर एल निनो ऐकतो, त्यातला अर्धा भाग तो आहे. अंदाज चुकला तरी वही जपली, तर चुकलेलाही कामाला येतो.

१९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला "सिमला ऑफिस" म्हणतात ते हेच. तिथंच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली शेती हवामानाचा वेगळा विभाग सुरू झाला. आज मोबाईलवर येणारा कृषी सल्ला त्याच वाटेनं आलाय.

दुसरी वाट भाताच्याच खाचरातून निघते. १९२३ च्या सुमारास बिहार-ओडिशात हबॅक नावाच्या अधिकाऱ्याला भाताचं खरं उत्पन्न किती ते मोजायचं होतं. तोवर पद्धत अशी की सरकारी माणूस बांधावर उभा राहून "आठ आणे पीक, बारा आणे पीक" असं नजरेनं ठरवायचा. हबॅकनं ठरवलं की कुठलं शेत आणि शेतातली कुठली जागा कापायची हे माणसानं निवडायचंच नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखं, रँडम ठरवायचं. माणूस निवडायला लागला की त्याचा हात चांगल्या जागेकडे जातो किंवा वाईट जागेकडे. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

हे काम पुढं नेणाऱ्यांत आपला मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत देशभर पीक कापणी प्रयोगाची घडी बसवली. त्यांचा आणि बंगालच्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचा एक वाद गाजला. महालनोबिसांचं म्हणणं, कापणीचा तुकडा लहान घ्या आणि पुष्कळ ठिकाणी घ्या. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून येतं. का? कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, या गोंधळात कापणारा ती आतच धरतो. लहान तुकड्याला कड जास्त, म्हणून चूकही जास्त. ज्यानं कधी विळा धरलाय त्याला हे लगेच पटेल. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचं १९५४ चं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं.

आजही आपल्या गावात कृषी सहायक किंवा तलाठी आकड्यांचा कागद घेऊन येतात, गट नंबर काढतात, लांबीत इतकी पावलं, रुंदीत इतकी पावलं मोजतात आणि तिथंच तुकडा आखतात. मी तरणा असताना एकदा म्हणालो होतो, "साहेब, तो कोपरा घ्या ना, तिथं पीक पडलंय." ते हसले आणि म्हणाले, "म्हणूनच नाही घेणार." त्या वेळी राग आला होता. आता कळतं, तो माणूस बरोबर होता.

दांडेकरांचा हप्ता

याच कापणीवर पीक विमा उभा आहे. पावसाच्या मापावर विमा द्या असं म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० मध्येच पुस्तकात मांडलं होतं, पण ते पुस्तकातच राहिलं. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर एकेका शेतकऱ्याचं नुकसान बघून विमा देऊन पाहिला. १९७८ पर्यंत हप्ता जमला साधारण साडेचार लाख आणि भरपाई गेली सदतीस लाखांच्या वर. असा विमा टिकणार कसा? ज्याचं बुडणार त्यालाच ते आधी कळतं, तोच विमा काढतो, आणि शेतोशेती फिरून खरं-खोटं तपासायचा खर्च वेगळा.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर, जन्म १९२०, साताऱ्याचे, यांनी १९७६ मध्ये तोड सुचवली. एकेकाचं नुकसान बघूच नका. मंडळ किंवा तालुका हा एक धरा. तिथल्या पीक कापणीची सरासरी नेहमीच्या उंबरठ्याच्या खाली गेली तर त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना भरपाई द्या. पाऊस सगळ्यांवर पडतो, म्हणून मोजमापही सगळ्यांचं एकत्र. या पद्धतीवर १९७९ ला प्रायोगिक योजना आली, १९८५ ला देशव्यापी, १९९९ ला दुसरी, आणि २०१६ पासून आत्ताची प्रधानमंत्री पीक विमा योजना.

यात एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. सावित्रीकाठचं माझं खाचर बुडालं आणि मंडळातलं वरच्या अंगाचं भात झकास आलं, तर सरासरी चांगली निघते आणि मला शून्य मिळतं. स्थानिक आपत्तीचे नियम वेगळे असतात आणि तेही बदलतात, म्हणून हप्ता भरण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा. विमा मोठ्या संकटाची कड सांभाळतो, बांधावरच्या संकटाची नाही. ती बाजू अजून आजीच्याच पद्धतीनं सांभाळावी लागते, हळवं-गरवं, वरचं-खालचं, जादा रोपं.

माझी वही

आता माझा हिशेब. नदीकाठच्या खाचराची नोंद मी गेली २० वर्षं ठेवतोय. त्यात चार वेळा पीक पूर्ण गेलं, एकतर वाहून नाहीतर गाळाखाली. सोळा वेळा घरी आलं, कधी कमी कधी जास्त. म्हणजे पाचात एक.

पाचात एक म्हणजे काय ते नीट बघा. येत्या पाच वर्षांत एकदा तरी बुडायची शक्यता ६७ टक्के. म्हणजे बुडणार हे जवळपास धरूनच चालायचं. बुडालं की कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही, ते हिशेबात होतंच. पण सलग दोन वर्षं बुडायची शक्यता पंचवीसात एक, आणि सलग तीन वर्षं सव्वाशेत एक. म्हणजे एका वर्षाचं बियाणं, खत आणि लावणीची मजुरी बाजूला ठेवली तर बहुतेक वेळा मी पुन्हा उभा राहतो. ते पैसे बाजूला नसतील तर पाचातलं पहिलंच वर्ष मला कर्जात घालेल, मग पुढची चार चांगली वर्षं सावकाराची.

या आकड्यावर डोळे मिटून विसंबत नाही. वीस वर्षांची वही लहान आहे आणि पावसाची तऱ्हाही बदलतेय. म्हणून मी पाचात एकऐवजी चारात एक धरून तजवीज करतो. काठाकडच्या पट्ट्यात जास्त पैसा घालत नाही. पुरात तग धरणाऱ्या जातींची चौकशी चालू आहे. ओडिशातल्या एफआर-१३ए नावाच्या जुन्या भातातला गुण घेऊन केलेली स्वर्णा सब-१ ही जात २००९ मध्ये आपल्या देशात आली, ती दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली तग धरते. आपल्या मातीला आणि आपल्या गाळाला काय जमेल ते कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून, आधी एका गुंठ्यावर करून बघणार. सगळं एकदम लावणार नाही.

शेत आणि घर

आता काकीच्या बोलण्याकडे वळतो.

शेताबद्दलची माझी आशा खरी आहे, कारण शेत पुन्हा लावता येतं. या वर्षी गेलं तर पुढल्या मृगात पुन्हा. डाव जितके जास्त, तितकी सरासरी माझ्या बाजूला येते. पाचातली चार वर्षं माझी आहेत, फक्त ती गाठेपर्यंत मी टिकलो पाहिजे.

डोंगराखालच्या घरात झोपणं हा तसा डाव नाही. तिथं वाईट व्हायची शक्यता पाचात एक नसेल, हजारात एकही नसेल. पण ते एकदा झालं की पुढचा मृग नाही. तिथं सरासरी कामाची नाही, कारण सरासरी काढायला माणूस उरत नाही. तळीयेत त्या संध्याकाळी लोकांना धोका कळत नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्यासारखीच माणसं ती. आपणही घरातच असतो. म्हणून नियम सोपा ठेवलाय. जे पुन्हा पेरता येतं त्यावर हिंमत करायची, जे पुन्हा पेरता येत नाही ते पणाला लावायचं नाही, मग शक्यता कितीही कमी असो.

रेड अलर्टच्या दहा रात्रींतल्या दहाच्या दहा रात्री बहुधा काही होणार नाही. आपण परत जाणार, म्हशींना चारा घालणार, आणि वाटणार फुकट गेलं. पण आपण विम्याचा हप्ता भरतो आणि त्या वर्षी पीक चांगलं येतं तेव्हा काय म्हणतो? हप्ता गेला, पण पीक आलं, देव पावला. कोणी असं म्हणत नाही की पीक बुडालं असतं तर हप्ता वसूल झाला असता. शाळेतली रात्र हा तसाच हप्ता आहे. तो वाया जावा हीच इच्छा धरून तो भरायचा असतो.

हे मी काकीला काल सांगितलं, थोडक्यात, आकडे न घालता. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हप्ता म्हणतोस तर मग म्हशींचा पण भर." बरोबर बोलली. घरातून न निघण्याचं तिचं खरं कारण दरड नव्हतंच, गोठा होता. म्हणून आता शाळेशेजारच्या पडीक जागेत, मालकाला विचारून, चार खांबांचा मांडव घालतोय, वर पत्रे. भावाचे दोन बैल आणि काकीच्या तीन म्हशी मावतील एवढा. पुष्य संपायच्या आत उभा राहील.

मंडळी, तुमच्या वहीत किती पावसाळ्यांची नोंद आहे ते बघा. नसेल तर याच खरिपापासून सुरू करा. खाचराचं नाव, लावणीची तारीख, पाणी चढलं का, पीक आलं का, एवढ्या चार गोष्टी पुरतात. पाच वर्षांनी तुमचं पाचातलं किती ते तुम्हालाच कळेल, आणि तेव्हा नशिबाला विचारायची गरज कमी पडेल.

पाऊस उघडलाय. उद्या खाली खाचरात जाऊन गाळ किती बसलाय ते बघतो. राबात जादा रोपं आहेत अजून.